कडब्याचा रंग

चाचांकडे सुरी घ्यायला गेलेला माणूस पहिल्या फेरीत सुरी घेऊन परत आला, असं कधी झालं नाही. पहिल्या फेरीत त्याला मिळायचं एक लाकडी स्टूल, एक कांदा आणि चाचांची स्वतःची जुनी सुरी. "कापा की," एवढंच म्हणून चाचा भिंतीला टेकायचे आणि बघत राहायचे. माणूस गोंधळायचा. आपण दुकानात आलोय की परीक्षेला, हे त्याला कळायचं नाही. कांदा कापून झाला की चाचा कांद्याकडे ढुंकूनही बघत नसत. अंगठा कुठं होता, मनगट कसं वळलं, कोपर किती उडालं, एवढंच त्यांना हवं असायचं. मग ते म्हणायचे, "झालं. दसऱ्यानंतर या." कापलेला कांदा आत चाचीकडे जायचा. गिऱ्हाइकं जास्त आली की त्या घरात कांदाभजी व्हायची, आणि त्यातली बशीभर माझ्याकडे यायची.

आमचा शेजार भिंतीचा होता. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत पत्र्याची एक लांब शेड होती आणि तिच्या मधोमध विटांची भिंत. अलीकडे माझा कडक भाकरीचा कारखाना, पलीकडे चाचांची भट्टी. कारखाना हा शब्द मी बँकेत वापरायची. खरं म्हणजे काही चुली, काही बाया आणि त्यांच्यावर ओरडणारी मी. माझ्या बाजूला भाकरी थापायचा आवाज, त्यांच्या बाजूला ऐरणीचा. पुढं माझा कारखाना जुळे सोलापुरात गेला. तिथं शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे. बिचारा सज्जन माणूस आहे, पण त्याच्यात काही दम नाही.

मी स्वभावाने तापट आणि घाईची. धंदाच तसा आहे. भाकरी तव्यावर टाकली की ती कुणासाठी थांबत नाही. चाचा नेमके उलटे. मी भिंतीपलीकडून ओरडले की ते इकडं येऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमची भाकरी थांबत न्हाय आन् माझं लोखंड पळत न्हाय. मग आपल्या दोघांत रक्तदाब कुणाचा वाढणार?" माझाच वाढलेला होता. गोळी चालू होती.

अंगाने किडकिडीत, पांढरी दाढी, चौकटीची लुंगी, आणि कुठल्याशा हॉटेलच्या फेकलेल्या सोफ्याच्या रेक्झिनचं शिवलेलं लालभडक एप्रन. ते एप्रन घालून भट्टीपुढे बसले की लांबून बँडवाले वाटायचे. कानामागे कायम एक पेन्सिल. तिने त्यांनी काही लिहिलेलं मी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाले, "वालिद ठेवायचे. ते बी लिहीत नव्हते."

सुरी कशी होते हे मी त्या भिंतीपाशी उभी राहून शिकले, तेही नाइलाजाने, कारण त्यांना सांगायला कुणीतरी लागायचं. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा भंगारातून यायचा. तो आधी दारात ऊनपाऊस खात नुसता पडून राहायचा. "पळून पळून दमलाय त्यो. बसू द्या की जरा," हे त्याचं कारण. मग भट्टीत लाल करणं, ठोकणं, परत लाल करणं. आकार आला की राखेत पुरून रात्रभर निववणं. मग कानशीने घासत बसणं, आणि ते घासणं म्हणजे माझ्या दृष्टीने जन्मठेप. त्यानंतर सुरीला पाणी देणं. म्हणायला पाणी, पण चाचा ते करडईच्या तेलात द्यायचे. लाल पातं तेलात बुडलं की माझ्या बाजूच्या बायांना कुणीतरी वडे तळतंय असं वाटायचं.

आणि इतकं होऊनही चाचांच्या लेखी ती अजून सुरी नव्हती. "आत्ता ती लई कडक हाय, काचंवानी. सासरी पाठवली तर पयल्या दिवशी मोडंल." म्हणून तिला परत घासून चकचकीत करायची आणि मंद निखाऱ्यावरच्या जाड तव्यावर ठेवून बघत बसायचं. त्या चकचकीत पोलादावर हळूहळू एक पिवळसर छटा चढते. ज्वारीचा वाळलेला कडबा असतो ना, तसा रंग. तो आला की त्याच क्षणी सुरी उचलायची. आधी उचलली तर पुढे धारेचे टवके उडतात, उशीर झाला तर धार टिकत नाही. सगळी मेहनत त्या एका रंगावर. त्या वेळी चाचांना हाक मारायची नाही, त्यांच्या अंगावर पाल पडली तरी सांगायचं नाही.

एकदा एक तरुण हॉटेलवाला आला. हातात मोबाईल, त्यात कुठल्यातरी परदेशी सुरीचा फोटो. म्हणाला, "चाचा, सेम अशी पाहिजे. पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे."

चाचांनी फोटो लांब धरून, जवळ धरून नीट बघितला. "उद्घाटनाला काय कापणार?"

"फीत."

"मग कात्री घ्या. सुरी नंतर लागती. नंतर या."

तो पोरगा रागावला, पण नंतर आला. आता त्याच्या हॉटेलात बाकी सगळं मशीनवर चालतं आणि ती सुरी मात्र तो कुणाला हात लावू देत नाही.

चाचांचा सबर असा गावभर गाजलेला. चाचीला मात्र त्याचं काही कौतुक नव्हतं. चहाचा ट्रे माझ्या ओट्यावर टेकवून ती म्हणायची, "यांचा सबर लोखंडापुरता हाय बाई. चहाला उशीर झाला तर बघा. पोरगं रडतंय की म्हातारा रडतोय, वळखायचं न्हाय."

माझ्या सुरीचीही एक कथा आहे. वर्षभर मागे लागून ती मिळवली होती. काय धार होती. टोमॅटोला कळायचं नाही कापलं गेल्याचं. पण थोड्याच दिवसांत लाल भोपळा कापताना धारेचा एक बारीक टवका उडाला, मग दुसरा. मी तणतणत भिंतीपलीकडे गेले. चाचांनी पातं उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "नारळ फोडलाय."

"चाचा, भोपळा होता."

"भोपळ्याला करवंटी असती का? नारळच."

मी शपथ घेतली, ओरडले, बायांची साक्ष काढली. उपयोग शून्य. पुढचे काही दिवस आम्ही चाचीमार्फत बोललो. मग एका सकाळी घासून दुरुस्त केलेली सुरी माझ्या ओट्यावर आली, आणि सोबत भजी. माफी नव्हे, भजी.

अशा तक्रारी त्या काळात बऱ्याच आल्या. प्रत्येकाला चाचांनी झाडलं. कुणाला म्हणाले, तू सुरीने डबा उघडलास. कुणाला म्हणाले, तुझ्या सुनेचा हात बघून घे. आणि शेजारच्या गल्लीतल्या मटणवाल्यांना तर चाचांनी त्यांच्याच भर दुकानात जाऊन, रविवारच्या गर्दीपुढे सुनावलं, "हा हात सुरीचा न्हाय, कुऱ्हाडीचा हाय. सरपण फोड जा."

हे मटणवाले म्हणजे चाचांचे जिवलग. चाचा त्यांना आण्णा म्हणायचे. रोज दुपारी दोघं भट्टीपाशी बसून चहा प्यायचे आणि कशावरूनही भांडायचे, क्रिकेटवरून, मिठावरून, सोलापुरात जास्त ऊन कुठल्या चौकात लागतं यावरून. त्या रविवारनंतर आण्णा चहाला आले नाहीत. पुढे त्यांनी दुकान हलवून आपल्या गावी, जेऊरला नेलं. जायचं आधीच ठरलं होतं म्हणे, पण जाताना सांगून गेले नाहीत. चाचा दुपारचा चहा उभ्यानेच प्यायला लागले.

आणि मग त्यांचा मोतीबिंदू निघाला. खरं तर तो आम्हा सगळ्यांना केव्हाच दिसत होता, एक त्यांना सोडून. ते बल्बला शिव्या द्यायचे. शेवटी चाचीने एक दिवस चहात साखरेऐवजी मीठ घालून समोर बरणी ठेवली आणि विचारलं, "यात काय हाय, बगून सांगा." त्यांनी साखर म्हणून सांगितलं, चहाची चव घेतली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं नंतर. डॉक्टरांनी बजावलं, काही आठवडे भट्टी नाही, धूर नाही, वाकणं नाही, नुसतं बसायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. अर्थ तेव्हा कळला. दुसऱ्याच दिवशी काळा चष्मा लावून म्हातारा भट्टीच्या दारात. चाचीने हाताला धरून परत नेला. मग तो माझ्याकडे येऊन बसायला लागला. ही भाकरी जाड, त्या बाईचा तवा गार, हे पीठ कुठल्या गिरणीचं. डॉक्टरला काय कळतं, डोळा माझा आहे. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. मी मोठ्या प्रेमाने म्हणायची, "सबर करा चाचा. लोखंड कुठं पळतंय?"

"तुमी लई वाईट बाई हाय," ते म्हणायचे.

एक दिवस असेच बसले होते. मी नुकतीच एक भाकरी तव्यावर टाकली होती. ते म्हणाले, "ताई, काढा. झाली ती."

"कच्ची आहे चाचा. पांढरीफटक आहे."

त्यांनी चष्मा काढला. एक डोळा हाताने झाकला, भाकरी बघितली. मग दुसरा झाकला, परत बघितली. असं त्यांनी बऱ्याच वेळा केलं. माझ्या बाया हसायला लागल्या. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "या नव्या डोळ्याला कच्ची दिसती. या जुन्या डोळ्याला शेकलेली. भाकरी तर एकच हाय."

"मोतीबिंदूनं सगळं पिवळं दिसतं म्हणतात," मी सहज बोलून गेले.

चाचा उठले आणि थेट आपल्या बाजूला गेले. मी मागोमाग. त्यांनी फळीवरून मागच्या काही वर्षांतली एक सुरी उचलली आणि तिच्यावर कानस चालवली. कानस नुसती सुर्रकन घसरली, काचेवरून घसरावी तशी. दुसरी उचलली, तीही तशीच. तिसरी त्यांनी उचललीच नाही.

"कडबा यायच्या आधीच मला कडबा दिसत हुता," ते म्हणाले. "सगळ्या कच्च्या काढल्या. म्या ज्येंच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद भट्टीजवळ खऱ्या कडब्याचं धाट टांगायचे, रंग ताडून बघायला. म्या काढून टाकलं. म्हणलं, आता डोळ्यातच बसलंय." मग माझ्याकडे वळून, अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "भोपळाच हुता का ताई?"

"भोपळाच होता चाचा."

त्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं नाही. मी म्हणाले, जाऊ द्या, सुऱ्याच आहेत. ते म्हणाले, "सुऱ्यांचं काय न्हाय. त्या परत तव्यावर ठेवता येत्यात. माणसांना काय काय बोललो म्या."

झालं. आता त्यांना त्या काळातली एकूण एक सुरी परत हवी होती, आणि तीही आजच्या आज. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तो हा. आपल्या सुनेला बसवून त्यांनी व्हॉट्सॲपवर स्वतःच्या आवाजातला निरोप फिरवला: "ज्येच्याकडं माझ्या हातची सुरी हाय त्येनं ती घेऊन यावं. चूक माझी हाय. तुमच्या सुनांची न्हाय." तो निरोप सोलापुरात कुठं कुठं पोचला असेल देव जाणे. दोन दिवसांत आमच्या गल्लीत माणसांची रांग लागली, प्रत्येकाच्या हातात सुरी. सात रस्त्यावर ड्यूटीला असलेला पोलीस धावत आला. भर दिवसा एवढी माणसं सुऱ्या घेऊन कुणाकडं निघालीत, हे त्याला साहजिकच कळेना. चाचांनी त्याला बसवून सगळं सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "म्हणजे आमच्या घरातली पण आणायची का?"

गंमत अशी की निम्मे लोक सुरी दाखवायला आले होते, द्यायला नव्हे. परत मिळायला किती दिवस लागतील याचा त्यांना अनुभव होता. एक आजी म्हणाल्या, "टवके असू दे. माझ्या ध्यानात आहे कुठं कुठं आहेत ते." चाचा हात जोडून एकेकाची समजूत घालत होते. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना थांबवलं, तो आता लोकांच्या मागे लागला होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्यांनी त्या सुऱ्यांच्या मुठी काढल्या, पाती घासली, एकेक करून परत तव्यावर ठेवली आणि नव्या डोळ्याने रंग बघून उचलली. माझी सुरी आता नारळसुद्धा फोडेल, पण ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

एक सुरी मात्र आली नाही. जेऊरहून काहीच उत्तर आलं नव्हतं.

चाचांनी आण्णांसाठी एक नवी सुरी केली. नव्या डोळ्याची पहिली. ती कापडात गुंडाळून फळीवर ठेवली, आणि मग रोज जेऊरला जायचं ठरायचं आणि रोज काहीतरी निघायचं. कधी ऊन, कधी गुडघा. मी विचारलं, "भीती वाटते का?" ते म्हणाले, "हौ. सुरी घेतली न्हाय तर मग काय करायचं? आत्ता निदान घेईल असं वाटतं तरी." मी तिकिटं काढली.

रविवारी आम्ही जेऊरला उतरलो. गाडीत केम स्टेशन गेल्यावर चाचा म्हणाले, "चाचीला आणायला पाहिजे हुतं." दुकान सापडायला वेळ लागला नाही. दुपार होत आली होती, मटण संपलं होतं, आण्णा मटण तोडायचा ओंडका धुऊन पुसत होते. मोठा आडवा माणूस, मिशा पिकलेल्या. त्यांनी वर बघितलं आणि हातातलं फडकं तसंच राहिलं.

चाचांनी पाठ करून आणलेलं भाषण होतं. गाडीत त्यांचे ओठ हलत होते ते मी पाहिलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं, "आण्णा, सुरी कच्ची हुती. हात तुझा बरोबर हुता. माफी मागायला आलोय."

आण्णा आत निघून गेले. चाचा माझ्याकडे बघायला लागले. मला त्या माणसाचा असा राग आला की मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात ते बाहेर आले. हातात चाचांची सुरी होती. ओळखू येत नव्हती. टवका पडला की घासायची, परत पडला की परत घासायची, असं करत करत पातं बोटाएवढं अरुंद झालं होतं. पण धार लखलखत होती.

"हिनं म्या आता हाडाला शिवत न्हाय," आण्णा म्हणाले. "नुसती पातळ चरबी सोलायची. अशी दुसरी न्हाय."

"दे ती," चाचांनी हात पुढं केला. "बिघडल्याली हाय. नवी आणलीय तुला."

"नवी द्या. ही देणार न्हाय. आन् बिघडवली ती म्याच." आण्णांनी फडकं खांद्यावर टाकलं. "त्या दिवशी हिनं नळी फोडली हुती म्या. सत्तूर मागं हुता, उठायचा कट्टाळा आला. गिऱ्हाईक घाई करत हुतं. तुमी बोलला ते खरं हुतं, म्हणून तर राग आला. खोटं बोलला असता तर दुसऱ्या दिवशी आलो असतो की चहाला."

"मटणाची नळी? माझ्या सुरीनं?"

"व्हय."

"म्हंजी म्या बरोबर बोललो."

"बरोबरच बोलला."

"न्हाय पण, सुरी कच्ची हुती. पक्की असती तर एवढा टवका उडला नसता."

"अवो, उडलाच असता. नळी हुती ती, भेंडी न्हाय."

"माझी सुरी मला शिकवतो का? चूक माझी हाय म्हणलं ना."

"तुमची कशी? हात कुणाचा हुता?"

दोघांचे आवाज चढले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. आतून आण्णांच्या बायको आल्या आणि म्हणाल्या, "हितं बसा आन् जेवता जेवता भांडा की. रस्सा निवतोय." मग दोघं मांडीला मांडी लावून बसले. भाकरीचा तुकडा हातात तसाच, आणि चूक कुणाची हे काही ठरेना. चाचा त्यांना कडब्याचा रंग समजावून सांगत होते, आण्णा मान हलवून नाही म्हणत होते. चाचांचे दोन्ही डोळे वाहत होते, ऑपरेशन झालेला आणि न झालेलाही. रस्सा तिखट होता हे खरं, पण एवढा नव्हता.

मी घड्याळात बघितलं. सोलापूरच्या गाडीची वेळ झाली होती, आणि सोमवारी पहाटे चुली पेटवायला मला परतायचं होतं. मी दोनदा खाकरले. चाचांनी बघितलं नाही. मी उठून चपला घातल्या. स्टेशनकडून गाडीची शिट्टी आली, थोड्या वेळाने गाडी निघाल्याची धडधडही ऐकू आली.

"चाचा, गाडी गेली," मी म्हणाले.

"जाऊ द्या की ताई," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले. "लई वर्षांनी भांडतोय आमी."